नाव पुसलं जावो

बुडापेस्ट, २ मे २००५

लाडक्या लिवी,

फोनवर मी नीट बोलले नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं आणि तू टोरांटोहून अशी किंचाळत होतीस की त्याला सगळं ऐकू जात होतं. आता निवांत लिहिते.

तू सांगितलंस म्हणून रविवारी जाऊन आले. पार्लमेंटच्या खालच्या बाजूला, धक्क्याच्या अगदी कडेला बूट मांडलेत. लोखंडाचे, गोळी घालण्याआधी काढायला लावायचे तसे. बायकांचे, पुरुषांचे, पोरांचेही. काही आडवे पडलेले, काहींच्या टाचा झिजलेल्या. ज्यानं केलेत त्याला काम येतं, एवढं मी कारागीर म्हणून सांगते. आरांकामावशीच्या बुटांसारखा जोड आहे का, हे बघ म्हणाली होतीस. मी वाकून वाकून सगळे पाहिले. एक पर्यटक विचारायला आला, "आजी, काही हरवलं का?" मी म्हटलं, "हो."

हुबेहूब जोड नाही. पण एक बायकांचा जोड आहे, बाजूला बकल असलेला, जरा अरुंद. तो मी मावशीचा ठरवून टाकला. शेजारचा साधा, पट्ट्याचा, तो माझ्या आईचा. फुलं नेली नाहीत, आपल्या ज्यूंत खडा ठेवतात. दुकानातले दोन गुळगुळीत खडे घेतले, बारीक छिन्नीनं एकावर आरांका कोरलं, दुसऱ्यावर मार्गित, आणि बुटात ठेवले. साठ वर्षांत त्या दोघींची नावं कुठल्याच दगडावर नव्हती. लोकांच्या मेलेल्यांची नावं कोरून माझी बोटं वाकडी झाली, आणि घरच्या दोघी तशाच राहिल्या होत्या.

तिथे पाटी आहे. १९४४-४५ साली बाण-क्रॉसवाल्या हंगेरियन नाझींनी गोळ्या घालून नदीत टाकलेल्यांच्या स्मरणार्थ, असं लिहिलंय. नावं कुणाचीच नाहीत.

तुझी ओल्गा

---

टोरांटो, १९ मे २००५

ओलिका,

तुझं पत्र वाचून रडले, मग चिडले. चिडल्यावर बरं वाटतं, रडल्यावर डोकं दुखतं.

नावं नाहीत म्हणजे काय? मेलेल्यांची नाहीत, ते समजते, किती लिहिणार. पण मारणाऱ्यांची? "बाण-क्रॉसवाले" म्हणे. त्यांना काय आयाबापांनी नावं ठेवली नव्हती? आपल्या घराच्या फाटकात दंडावर पट्टा बांधून कोण उभं होतं, ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. रखवालदारणीचा पोरगा. देझो कोर्पाश, नाव पुसलं जावो. बघ, आजीची सवय अजून सुटली नाही. वैऱ्याचं नाव तोंडातून गेलं की ती लगेच तेवढं म्हणायची, मग पाणी प्यायची.

आईचे ते बूट बाबांनी केले होते. आईचं पाऊल इतकं अरुंद की बाजारातला एक जोड तिला बसत नसे, म्हणून त्यांनी तिचा वेगळा लाकडी साचा करून घेतला होता. बाबा युद्धावर जबरीनं नेलेल्या ज्यूंच्या मजूर पलटणीतून परत आले नाहीत, पण बूट राहिले. आणि मग आईला नेल्यावर दोन दिवसांनी तू काय पाहिलंस? रखवालदारीण रोझाल तेच बूट घालून जिना पुसत होती! आपल्यात मेलेल्याचे बूट जिवंत माणूस पायात घालत नाही, आणि ही बया मारलेल्या बाईचे घालून फिरत होती. सत्तेचाळीसला कोर्टात तू तेरा वर्षांची पोर धीट उभी राहिलीस, तर ते काय म्हणाले? मुलीनं याला फाटकात पाहिलं, नदीवर पाहिलं नाही. आणि रोझालनं शपथ घेतली की बूट तेलेकी चौकातल्या बाजारातून आणले. सुटला. हसत बाहेर गेला.

जिवंत असेल का गं तो? मेला असेल तर मला फार वाईट वाटेल. नीट मरण आलं असेल याचं.

लिवी

---

बुडापेस्ट, १२ सप्टेंबर २००५

लिवी,

बसून वाच. चष्मा लाव आणि शेगडीवर काही असेल तर आधी बंद कर.

तो जिवंत आहे. परवा माझ्या दुकानात आला होता.

तुला माहीत आहे, आमचं दुकान कोझमा रस्त्यावर. एका बाजूला ख्रिश्चनांची मोठी स्मशानभूमी, पलीकडे आपली. मिक्सा गेल्यापासून अक्षरं मीच कोरते, क्रूसवालीही आणि हिब्रूही. पाटीवर नवऱ्याचं, मिक्साचं आडनाव हाल्मोश लिहिलंय, त्यावरून माहेर कुठलं ते कुणाला कळत नाही. एक म्हातारा आत आला. उंच, टोपी हातात, दाढी गुळगुळीत केलेली. "हात चुंबतो, बाई," जुन्या रीतीचा नमस्कार म्हणाला. आईच्या थडग्यावर नवीन दगड बसवायचाय, आणि त्यावर स्वतःचंही नाव आधीच कोरून हवंय, पुढे मेल्याचं साल तेवढं रिकामं. इथे असं बरेच करतात, मला नवल वाटलं नाही.

"पोरंबाळं?" मी विचारलं.

"नाहीत. बायको सोडून गेली. एक भाची आहे, ती माझ्या घरावर डोळा ठेवून आहे, थडग्यावर नाही. म्हणून म्हटलं, आपलं नाव आपणच कोरून ठेवावं. माणसाचं दुसरं काय उरतं हो?"

"खरं आहे," मी म्हटलं. "आईचं नाव सांगा."

"कोर्पाश रोझाल."

छिन्नी हातात नव्हती ते बरं झालं. मी पेन्सिल धरून होते, तिचं टोक मोडलं. दुसरी घेतली आणि त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मी लिहून घेतलं. त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? जिच्याकडे त्यानं तेव्हाही पाहिलं नाही ती पोर मी, धुण्याच्या खोलीच्या दारामागून गॅलरीच्या कठड्यातून बघत होते. आई खाली जाताना वर बघत नव्हती. मुद्दामच.

त्याला पांढरा दगड हवा होता. आईला पांढरं आवडायचं म्हणे. मी म्हटलं, "पांढरा सुंदर दिसेल." काम मी घेतलंय.

ओल्गा

---

टोरांटो, २५ सप्टेंबर २००५

ओल्गा,

काम घेतलंयस? तू?

दोनदा वाचलं, मला वाटलं माझा चष्मा चुकला. आपल्या आयांना फाटकाबाहेर काढणाऱ्याचं नाव तू स्वतःच्या हातानं दगडात कोरणार? आणि वर "सुंदर दिसेल"? इथे क्लबातल्या बायकांना मी काय सांगू, माझी मावसबहीण खुन्याला मखरात बसवतेय?

फोन उचल, वर्तमानपत्राला लाव. पोलिसांत जा. त्याच्या घरासमोर उभी राहून ओरड. थोबाडीत मार! काहीही कर. "दुरून डोंगर साजरे" म्हणशील, टोरांटोत बसून बोलायला काय जातं म्हणशील. म्हण. पण मी तिथे असते तर तो दुकानातून चालत बाहेर गेला नसता.

तू फार वर्षं त्यांच्यात राहिलीस. हात चुंबतो बाई, तुमचं कसं काय बाई. तुझं रक्त गार पडलंय. मला तुझ्याशी सध्या बोलायचं नाही.

लिविया

---

बुडापेस्ट, ३ नोव्हेंबर २००५

लिवी,

तू बोलू नकोस, मी लिहिते.

दगड बसवला. परवा त्यांचा मेलेल्यांना आठवायचा दिवस, सगळी स्मशानभूमी शेवंतीनं आणि मेणबत्त्यांनी भरलेली. तोही आला होता. बोटानं आपलं नाव चाचपत होता. लोकांना बोलावून दाखवत होता. मला म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला देव आहे."

मी म्हटलं, थंडी पडू द्या, मग बघा कसा दिसतो.

तुलाही तेच सांगते. थंडी पडू दे.

ओल्गा

---

बुडापेस्ट, २० फेब्रुवारी २००६

लिवी,

जवळजवळ पाच महिने तुझी एक ओळ नाही. माझ्या वाढदिवसालाही नाही. बरं.

सोबतच्या डबीत कापसात गुंडाळून एक पांढरं सालपट पाठवलंय. जपून उघड, चुरा होईल. बोटभर जाड आहे. त्याच्यावर एक अक्षर आहे, खालून तुटलेलं. कुणाच्या नावाचं पहिलं अक्षर ते ओळख.

आता सांगते. आधी सांगितलं असतं तर तू क्लबात सांगितलं असतंस.

पांढरा चुनखडीचा दगड थरांचा बनलेला असतो, खाणीत ते आडवे निजलेले असतात. दगड बसवतानाही ते तसेच आडवे ठेवायचे, हा मिक्सानं मला शिकवलेला पहिला नियम. मी ते उभे ठेवले, नावाची बाजू एकाच थरावर येईल असे. दुसरा नियम, ओला दगड हिवाळ्याआधी बसवायचा नाही. खाणीतून काढलेल्या दगडाच्या अंगात पाणी असतं, ते उन्हाळाभर सावलीत वाळवायचं. मी मुद्दाम ऑक्टोबरात काढलेला मागवला. वरून मेण घासलं, आरशासारखा दिसला. मग थंडी पडली, आतलं पाणी गोठलं आणि थर सुटायला लागले.

त्याची जन्माची-मरणाची सालं मात्र मी नावाखाली ठेवली नाहीत. बुडाचा चौथरा वेगळा, करड्या टणक दगडाचा केला, त्याला शंभर वर्षं काही होणार नाही. जन्मसाल त्याच्यावर आहे, पुढे छोटी आडवी रेघ आणि मोकळी जागा.

वर्तमानपत्र दोन दिवसांत रद्दीत जातं. पोलीस म्हणतील, आजी, कोर्टात निकाल लागलाय. थोबाडीत मारली असती तर लोकांनी त्या म्हाताऱ्यालाच पाणी दिलं असतं. आजी रोज काय म्हणायची? नाव पुसलं जावो. म्हणत सगळेच आलो, पुसलं कुणी नाही. माझ्या हातात तेवढंच होतं, ते मी केलं.

आयुष्यात वाईट काम मी एकदाच केलं. मिक्सा पाहत असेल तर त्याला लाज वाटत असेल. मला वाटत नाही.

ओल्गा

---

टोरांटो, ४ मार्च २००६

माझ्या ओलिका,

आता मी काय लिहू? माझं तोंड काळं कर. तुझं रक्त गार म्हणणारी माझी जीभ झडो. उचलली जीभ लावली टाळ्याला, आई नेहमी म्हणायची माझ्याबद्दल.

डबी उघडली तेव्हा सून समोर होती. "हा काय, चीज का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, सूड आहे, फ्रिजमध्ये ठेवू नकोस. ते सालपट मी काचेच्या कपाटात, चांगल्या कपबशांच्या शेजारी ठेवलंय. सकाळी उठून पाहते आणि मग कॉफी पिते. डॉक्टर म्हणाले रक्तदाब उतरलाय, काय नवीन औषध घेता?

मिक्साची काळजी करू नकोस. वर गेले की मीच त्याला समजावते.

एकच ठसठसतं. तो कधी कबूल झाला नाही. फाटकात होतो, नदीवर नव्हतो, हेच तोंडात ठेवून मरेल. त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आता हावरटपणा करते म्हण.

तुझीच, खाली मान घातलेली,
लिवी

---

बुडापेस्ट, २४ एप्रिल २००६

लिवी,

या महिन्यात नदीला असा पूर आला की धक्काच पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर गेले. बूट जागेवर आहेत, त्यांच्यात गाळ भरला होता. आपले दोन्ही खडे वाहून गेले. मी नवीन कोरून ठेवले. तिथेच बसून चिंधीनं मावशीच्या बुटातला गाळ काढला.

आणि मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो आला. टोपी डोक्यावरच, हात चुंबतो वगैरे काही नाही.

"बाई, माझं नाव पडलं!"

"हो का?"

"थट्टा करता? आईला फुलं घेऊन गेलो तर सगळं तोंडच सुटून खाली पडलेलं. आईचं नाव गेलं, माझं गेलं. लोक काय म्हणतील? नवीन करून द्या. काळ्या ग्रॅनाइटचा."

"बसा," मी म्हटलं. तो बसला. मी दार लावून घेतलं. "फाटकाजवळच्या खोलीत राहायचात ना तुम्ही, पोझोन्यी रस्त्यावर? मी दुसऱ्या मजल्यावरची. कोर्टात जी पोर उभी होती ती."

त्यानं मला एकदा नीट पाहून घेतलं. घाबरला नाही, कंटाळला. "ते सगळं झालंय, बाई. मी निर्दोष सुटलो. कागद आहे माझ्याकडे."

"असू दे. मी ग्रॅनाइट देते. फुकट. दोन्ही नावं खोल कोरते, जगबुडी झाली तरी राहतील अशी. मला फक्त एक सांगा. दुसऱ्या मजल्यावरून तुम्ही दोन बहिणींना खाली आणलंत. त्यांची नावं सांगा."

देवाशपथ लिवी, मी खरंच दिला असता. त्यानं "मार्गित" म्हटलं असतं, "आरांका" म्हटलं असतं, तर मी दात-ओठ खाऊन का होईना कोरलं असतं.

त्यानं खरोखर आठवून पाहिलं. कपाळ चोळलं. "साठ वर्षं झाली हो. एवढी माणसं. नावं कोण लक्षात ठेवतं?"

"काहीच आठवत नाही?"

"तसं नाही. एकीचे ते तपकिरी बूट होते ना, बकलवाले? मऊसूत कातडं. म्हटलं आईला होतील, म्हणून आणले. तर ते तिला चावायचे. इतके अरुंद! रोज जिना पुसून आली की पायाला फोड, आणि शिव्या मला." तो हसला. आईची आठवण येऊन माणूस हसतो तसा, मायेनं.

मी विचारलं, "आणले कुठून?"

आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. लिवी, तुझ्या आईला फाटकातून नेलं तेव्हा ते बूट तिच्या पायात होते, मी पाहिलंय. ते पायातून उतरले एकाच ठिकाणी, नदीच्या धक्क्यावर.

"तुमच्या आईनं शपथ घेतली होती," मी म्हटलं, "बाजारातून आणले म्हणून."

तो उठला, खुर्चीला धरून. "माझं नाव..."

"पडलं ते पडलं. आता ते पडलेलंच राहील. दुसऱ्या दुकानात विचारून बघा." तो हळूहळू चालत निघाला, आणि त्याच्या आधी मी धावत जाऊन कोझमा रस्त्यावरच्या प्रत्येक दगडवाल्याला सांगून आले. शेजारच्या दुकानातला पाथरवट बालिंट तर पक्का कॅथलिक, दर रविवारी देवळात जातो. त्यानं त्याला दारातच सांगितलं, "काळा दगड संपला, साहेब. पांढराही संपला. तुमच्यासाठी अख्खी खाणच संपली."

ओल्गा

---

टोरांटो, ८ मे २००६

ओलिका,

चावायचे.

आठवडाभर तोच एक शब्द डोक्यात आहे. बाबांनी आईच्या पावलाचा साचा करून ते शिवले, आणि त्या बयेला ते रोज चावले. माझे बाबा कुठल्या बर्फात पडलेत मला माहीत नाही, पण त्यांच्या हातानं तेवढं केलं. मी हसते आहे आणि रडते आहे, आणि या खेपेला डोकं दुखत नाही.

आईच्या पायात होते ते शेवटपर्यंत. थंडीत अनवाणी चालत गेली नसेल ती, निदान नदीपर्यंत. मला हे आजवर माहीत नव्हतं.

पण त्याला नाव आठवलं नाही! बूट आठवले, फोड आठवले, आईचं नाव नाही. माफ करणं वगैरे इथे रब्बाय सांगत असतात. सांगू देत. मी माफ करत नाही. मेल्यावरही करणार नाही. देवानं विचारलं तर त्यालाही सांगेन, आधी त्या दोघींना विचार.

सोबत आमच्या सरोवराकाठचे दोन खडे पाठवते. कस्टमवाल्यांनी विचारलं तर दागिने म्हणून सांग.

लिवी

---

बुडापेस्ट, ११ मार्च २००७

लिवी,

तो गेला, जानेवारीच्या शेवटी. माझ्याकडे त्याची भाची आली होती, फरचा कोट, घाई. मामाच्या थडग्यावर मेल्याचं साल कोरायचं राहिलंय म्हणाली.

मी म्हटलं, "वर नावच नाही, नुसतं साल कोरू?"

"नाव कशाला हो? स्मशानात प्लॉटला नंबर असतो, सापडतं. साल तेवढं टाका, म्हणजे माझं काम संपलं."

काल जाऊन कोरलं. वारा होता, बोटं ऐकत नव्हती, पण आकडे चांगले आले. करड्या दगडावर, खोल. वर पांढरा दगड उभा आहे, सोललेला, खडबडीत, एक अक्षर नाही. खाली जन्मसाल, रेघ, मेल्याचं साल. कुणी आलं तर त्याला एवढंच कळेल की कुणीतरी जन्मलं आणि मेलं. शंभर वर्षं तेवढंच कळत राहील.

तिथून ट्राम धरून नदीवर गेले. तुझ्या सरोवराच्या खड्यांवर नावं आधीच कोरून ठेवली होती. दगड टणक आहे गं तुमच्याकडचा, छिन्नीला दोनदा धार लावून घ्यावी लागली. मावशीचा बकलवाल्या जोडात ठेवला, आईचा शेजारी. बर्फ वितळायला लागलंय, पाणी चढतंय. या वर्षी पूर आला तर हेही जातील.

जाऊ देत. मी पुन्हा कोरीन. माझ्यानं होईनासं झालं की बालिंट कोरेल, मी त्याला दोन्ही नावं पाठ करून घेतली आहेत. रखवालदारणीच्या पोराचं मात्र कुणी कोरणार नाही.

तुझी ओल्गा